कुत्र्याच्या पित्तनळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याच्या पोटाची सोनोग्राफी आता कोल्हापुरात नवलाची राहिलेली नाही. रिपोर्ट घरी गेला की रात्री मला त्याचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "मॅडम, ह्यात नळी वेगळी आहे म्हणतात, काळजीचं आहे का?" सुट्टीत शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातली मुलं दवाखान्यात उभी राहायला येतात, त्यांचेही प्रश्न याच नळ्यांपाशी येऊन थांबतात. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे घरच्या लोकांचे आहेत, शेवटचे विद्यार्थ्यांचे आणि नव्या डॉक्टरांचे. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कुत्र्याला पित्ताची पिशवी असते का? कुठे असते?

असते. लिव्हरच्या उजव्या बाजूला, चौकोनी खंड आणि उजवा आतला खंड यांच्या खोबणीत ती बसलेली असते. मध्यम आकाराच्या कुत्र्यात ती साधारण ५ सेंमी लांब असते आणि तिच्यात सुमारे १५ मिली पित्त मावतं. पित्त तयार करतं ते लिव्हर. पिशवी ते साठवते, त्यातलं पाणी शोषून ते घट्ट करते आणि पोटात स्निग्ध अन्न आलं की आकसून बाहेर ढकलते.

मटणाच्या दुकानात काळीज घेताना दुकानदार आधी हिरवी पिशवी हलक्या हाताने वेगळी करतो, कारण ती फुटली तर सगळं कडू होतं. तीच ही पिशवी. सगळ्या प्राण्यांना ती असतेच असं नाही. घोडा, मोठा उंदीर (रॅट) आणि कबुतर यांना पित्ताशय, म्हणजे ही पिशवी, नसते, तरी त्यांचं पचन व्यवस्थित चालतं.

२. पित्त लिव्हरमधून आतड्यात जातं कसं?

लिव्हरच्या पेशींच्या मधल्या केसाहून बारीक वाटांतून पित्त निघतं, वाटा एकमेकींना मिळत मोठ्या होतात आणि प्रत्येक खंडातून नळी बाहेर पडते. या झाल्या हिपॅटिक डक्ट. पित्ताशयाच्या मानेतून निघते ती सिस्टिक डक्ट. सिस्टिक डक्टला पहिली हिपॅटिक डक्ट जिथे मिळते, तिथून पुढच्या नळीला बाइल डक्ट म्हणजे मुख्य पित्तनळी म्हणायचं. नळी तीच, नाव बदलतं. पंचगंगेचं तसंच आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळत येतात आणि प्रयागच्या संगमापासून आपण तिला पंचगंगा म्हणतो.

मध्यम कुत्र्यात ही मुख्य नळी जेमतेम ५ सेंमी लांब आणि अडीच ते ३ मिमी रुंद असते. ती आतड्याकडून लिव्हरकडे रक्त नेणारी पोर्टल शिरा आणि लिव्हरची धमनी यांच्या सोबतीने खाली उतरते, स्वादुपिंडाच्या कडेने जाते आणि लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये शिरते. शिरते तीही तिरकी. आतड्याच्या भिंतीतूनच दीड-दोन सेंमी सरकत जाऊन मग एका बारीक उंचवट्यावर उघडते. या उंचवट्याला मोठा पॅपिला म्हणतात. जठराच्या खालच्या तोंडापासून तो, कुत्र्याच्या आकारानुसार, दीड ते सहा सेंमीवर सापडतो.

३. आमचे एक नातेवाईक माणसांचे डॉक्टर आहेत. ते म्हणतात, 'कॉमन हिपॅटिक डक्ट' दिसायलाच पाहिजे. कुत्र्यात का दिसत नाही?

कारण कुत्र्यात ती नसते. माणसात डाव्या आणि उजव्या बाजूची नळी मिळून एक सामाईक हिपॅटिक डक्ट होते आणि तिला पुढे सिस्टिक डक्ट मिळते. कुत्र्यात असा एकच संगम नाही. हिपॅटिक नळ्या वेगवेगळ्या जागी, एकामागून एक, मुख्य वाटेला येऊन मिळतात. तुमच्या नातेवाइकांचं ज्ञान खरं आहे, पण ते माणसाच्या पोटाचं आहे.

माणसांच्या साच्यात भरलेला कुत्र्याचा सोनोग्राफी रिपोर्टही माझ्यासमोर आलेला आहे. त्यात 'सी.एच.डी. नॉर्मल' असं लिहिलेलं होतं, म्हणजे मुळात नसलेली नळी नॉर्मल ठरवलेली. असा रिपोर्ट हातात आला तर नुसत्या ओळी वाचू नका, डॉक्टरांना चित्रं दाखवा.

४. मग कुत्र्यात हिपॅटिक नळ्या नक्की किती असतात?

'नक्की' हा शब्द इथे लागू होत नाही. बहुतेक कुत्र्यांत तीन ते पाच असतात, काहींत कमी, काहींत जास्त. किती आहेत आणि कुठे मिळतात, हे दोन्ही कुत्र्यागणिक बदलतं.

हे समजायला कुत्र्याचं लिव्हर डोळ्यासमोर आणावं लागतं. माणसाचं लिव्हर वरून एकसंध दिसतं. कुत्र्याचं खोल चिरांनी वेगळं झालेलं असतं, कमळाच्या पाकळ्या सुट्या कराव्यात तसं. डावा बाहेरचा, डावा आतला, चौकोनी, उजवा आतला, उजवा बाहेरचा आणि कॉडेट असे सहा खंड. कॉडेटला पुन्हा दोन फाटे असतात, त्यातला एक उजव्या किडनीला टेकलेला असतो. प्रत्येक खंडाचं पित्त त्याच्या देठाशी बाहेर येतं, आणि देठ वेगळे म्हणून नळ्याही वेगळ्या.

बहुधा डाव्या दोन खंडांच्या नळ्या आधी एकत्र येतात आणि एक जाड डावी नळी होऊन मिळतात. उजवा बाहेरचा खंड आणि किडनीला टेकलेला फाटा यांची नळी वेगळी येते आणि पुष्कळदा बरीच खाली, आतड्याच्या बाजूला मिळते. मधल्या खंडांचं मात्र काही सांगता येत नाही. उजव्या आतल्या खंडाची नळी कधी डाव्या नळीला मिळते, कधी एकटी येते, कधी एकीच्या दोन असतात, कधी अगदी पित्ताशयाच्या मानेजवळ शिरते. शस्त्रक्रियेत अडचण होते ती याच जागी (प्रश्न १६).

फरक पडतो तो गर्भात. सुरुवातीच्या आतड्यातून एक कोंब फुटतो, त्याचा एक भाग लिव्हर होतो आणि दुसरा पित्ताशय. लिव्हरच्या आत रक्तवाहिन्यांभोवती नळ्यांचं जाळं आधी गरजेपेक्षा जास्त तयार होतं आणि मग त्यातलं बरंचसं विरून जातं. काय उरतं आणि काय विरतं, यात थोडं इकडेतिकडे झालं की नळीची जागा बदलते.

५. नळ्यांची रचना वेगळी आहे, म्हणजे आजार आहे का?

नाही. पित्त आतड्यात पोचतंय ना, मग ते तीन वाटांनी आलं काय किंवा पाच वाटांनी आलं काय, कुत्र्याला फरक पडत नाही. यावर औषध नाही आणि ते लागतही नाही. जन्मजात दोष ही वेगळी गोष्ट आहे, ती प्रश्न १५ मध्ये आहे.

६. मुधोळ, कारवान, लॅब्राडोर, गावठी... जातीवरून नळ्या ओळखता येतात का?

जातीवरून नळ्यांची संख्या सांगता येत नाही. पण जातीचा संबंध दोन ठिकाणी येतो.

एक, शरीराची ठेवण. मुधोळ आणि कारवान यांची छाती खोल असते आणि लिव्हर बरंचसं बरगड्यांखाली लपतं. त्यांची सोनोग्राफी करताना बरगड्यांच्या फटीतून बघावं लागतं आणि नळी सापडायला वेळ लागतो. तुमचा कारवान टेबलावर दहा मिनिटं जास्त झोपवला म्हणजे काही सापडलं असं नव्हे.

दोन, आजाराचा कल. पित्ताशयात पित्ताऐवजी चिकट, घट्ट जेलीसारखा पदार्थ साचतो, त्याला म्यूकोसील म्हणतात. शेटलँड शीपडॉग, कॉकर स्पॅनियल आणि मिनिएचर श्नाउझर यांच्यात तो जास्त दिसतो. रक्तात चरबी जास्त असलेल्या, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा आजार) असलेल्या किंवा थायरॉइड कमी असलेल्या कुत्र्यांतही दिसतो. सोनोग्राफीत तो किवी फळ आडवं कापल्यासारखा दिसतो. हा खरा आजार आहे. तो दिसला तर वेळ काढू नये, कारण पिशवी फुटली तर पित्त पोटभर पसरतं.

७. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी एकाच भोकातून उघडते का?

कुत्र्यात स्वादुपिंडाला बहुधा दोन नळ्या असतात. एक बारीक, ती मोठ्या पॅपिलावर पित्तनळीच्या शेजारी उघडते. दुसरी जाड, ती काही सेंमी खाली छोट्या पॅपिलावर वेगळी उघडते. नावं मात्र उलटी वाटतात. जी जाड आहे आणि जास्त रस वाहते तिला 'अॅक्सेसरी' म्हणजे जादाची नळी म्हणतात, कारण नावं माणसाच्या शरीरावरून पडली. माणसात ती खरोखर जादाची असते. कुत्र्यात तीच मुख्य काम करते.

इथेही फरक आढळतात. काही कुत्र्यांत पित्ताशेजारची बारीक नळी नसतेच, सगळा रस जाड नळीतून जातो. आतमध्ये दोन्ही नळ्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक बंद झाली तरी दुसरीकडून वाट मिळते. मांजरात असं नसतं. तिथे पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात शिरण्याआधीच एक होतात, आणि जादाची नळी थोड्याच मांजरांत असते. म्हणून मांजरात स्वादुपिंड, पित्तमार्ग आणि आतडं एकदम सुजलेलं सापडतं. ज्यांच्या घरी कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत त्यांनी एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नये.

माणसाच्या स्वादुपिंडाच्या मुख्य नळीला ज्याचं नाव आहे त्या विर्सुंग या शरीररचनेच्या अभ्यासकाने १६४२ मध्ये इटलीतल्या पादुआत माणसाच्या स्वादुपिंडाची नळी दाखवली. नळीच्या तोंडाशी असलेल्या झडपवजा स्नायूला ओडीचं नाव आहे. रुग्गेरो ओडी हा इटलीत वैद्यकीचा विद्यार्थी असताना त्याने १८८७ मध्ये त्यावर लिहिलं, आणि त्या स्नायूचा जोर त्याने मोजला तो कुत्र्यांवरच. माणसाच्या सर्जरीत रोज उच्चारल्या जाणाऱ्या या नावामागे कुत्री आहेत, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

८. आखाडात तांबडा-पांढरा रस्सा आणि चरबीचे तुकडे घातले. तिसऱ्या दिवशी ओकायला लागला, आता डोळे पिवळे. नळीत काही अडकलं का?

बहुतेक वेळा आत काही अडकलेलं नसतं, बाहेरून दाबलं गेलेलं असतं. एकदम चरबी पडली की काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं. मुख्य पित्तनळी त्याच्या कडेनेच जाते (प्रश्न २), आणि ३ मिमीच्या नळीला दाबायला फार सूज लागत नाही. कुत्र्यात पित्ताची वाट बंद होण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. सूज उतरली की नळी पुष्कळदा आपोआप मोकळी होते, त्यामुळे अशा कुत्र्याला लगेच ऑपरेशनला घेत नाहीत. सलाईन, उलटी थांबवणारं आणि वेदनेचं औषध, कमी चरबीचं खाणं आणि दर दोन-तीन दिवसांनी रक्त आणि सोनोग्राफी, असं चालतं.

वाट पूर्ण बंद झाली तर मुख्य नळी एक-दोन दिवसांतच फुगलेली दिसू लागते. लिव्हरच्या आतल्या नळ्या फुगायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. म्हणून एकच सोनोग्राफी करून निकाल लावता येत नाही.

रश्शात कांदा-लसूणही असतो. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यानेही कावीळ होते, तिचा नळीशी काही संबंध नसतो. घरात पाहुणे असताना प्रत्येक जण प्रेमाने एकेक तुकडा टाकतो आणि कुणालाच एकूण किती गेलं ते कळत नाही. कुत्र्याला त्या दिवशी आतल्या खोलीत ठेवा.

९. रिपोर्टमध्ये 'सी.बी.डी. दिसली नाही' असं आहे. नळीच नाही का?

नळी आहे. सी.बी.डी. म्हणजे कॉमन बाइल डक्ट, आपली मुख्य पित्तनळी. निरोगी कुत्र्यात ती ३ मिमीपर्यंतच असते, शेजारी आतड्यात गॅस असतो, त्यामुळे पुष्कळदा ती दिसत नाही. लिव्हरच्या आतल्या नळ्या तर निरोगी कुत्र्यात दिसतच नाहीत. कावीळ नसलेल्या कुत्र्यात 'दिसली नाही' ही बहुधा चांगली बातमी असते. आतल्या नळ्या ठळक दिसू लागल्या तर मात्र विचारायला हवं. सोनोग्राफीला आणताना सुमारे बारा तास काही खायला देऊ नका, पाणी चालेल. पिल्लू किंवा डायबेटिसचा कुत्रा असेल तर आधी फोन करून विचारा.

१०. पित्ताशयात गाळ आहे म्हणे. खडे होतील का? माणसांची गोळी चालेल का?

कुत्र्यांत गाळ फार वेळा दिसतो आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. कुत्र्याच्या पित्तात कोलेस्टेरॉल कमी असतं, त्यामुळे माणसासारखे कोलेस्टेरॉलचे खडे त्यांच्यात सहसा होत नाहीत. झाले तर कॅल्शियमचे किंवा पित्तरंगाचे होतात. गोळी मनाने देऊ नका. पित्त पातळ करणारी गोळी वाट पूर्ण बंद असताना दिली तर नुकसान होतं, आणि वाट बंद आहे की नाही हे घरून कळत नाही.

११. आमच्या कुत्रीला 'दोन पित्ताशयं' आहेत असं सांगितलं. असं असतं?

असतं, पण कुत्र्यात क्वचित. पिशवी वरून दोन भागांत फुटलेली आणि मान एकच, हा एक प्रकार. दोन वेगळ्या पिशव्या आणि दोन वेगळ्या सिस्टिक डक्ट, हा दुसरा. दोन्ही मांजरांत जास्त आढळतात आणि दोन्हींनी बहुतेक वेळा काही त्रास होत नाही.

पण आधी खात्री करून घ्या. पिशवी मानेशी दुमडलेली असली तर एका कोनातून तिच्या दोन पिशव्या दिसतात. कुत्रीला दुसऱ्या कुशीवर वळवून पुन्हा पाहिलं की दुमड उलगडते. फुगलेली सिस्टिक डक्टसुद्धा कधीकधी दुसरी पिशवी वाटते. ही नोंद कुत्रीच्या फाइलमध्ये राहू द्या, पुढे कधी पोट उघडायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

१२. आणि पित्ताशय दिसतच नसेल तर?

आधी साधी कारणं. कुत्रा खाऊन आला असेल तर पिशवी आकसलेली असते. गॅसच्या आड गेली असेल. पूर्वी काढलेली असेल आणि कुत्रा दत्तक घेतलेला असल्याने तुम्हाला ते माहीत नसेल. आणि कुत्रा आजारी असून पोटात पाणी असेल तर ती फुटलेली असू शकते. हे शेवटचं कारण तातडीचं आहे.

हे सगळं बाजूला पडलं तर जन्मजात पित्ताशय नसण्याचा विचार येतो. असे कुत्रे दुर्मीळ आहेत, त्यात चिहुआहुआंच्या नोंदी आहेत. खात्री सीटी स्कॅनने किंवा दुर्बिणीने पोटात बघून होते. अशा कुत्र्याच्या लिव्हरची तपासणीही करावी, कारण पिशवी नसण्याबरोबर लिव्हरच्या आतल्या नळ्यांची घडणही बिघडलेली असू शकते.

१३. कावीळ झाली म्हणजे नळीचाच दोष ना?

आपल्याकडे कावीळ घेऊन येणाऱ्या कुत्र्यांमध्ये मी आधी गोचीडताप बघते. त्यात तांबड्या पेशी फुटतात आणि पिवळेपणा येतो. पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराच्या सखल भागांत पाणी शिरलं होतं. असं साचलेलं, उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी कुत्रा चाटतो, त्यातून चालतो, आणि लेप्टो लिव्हर आणि किडनी दोन्ही धरतो. तो माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा आणि दरवर्षी लेप्टोची लस चुकवू नका. लिव्हरची स्वतःची दुखणी त्यानंतर, आणि नळीची अडचण त्यानंतर.

घरी काय बघाल? शी. पित्ताची वाट पूर्ण बंद असेल तर शी पांढरट होते, गणपतीच्या शाडूसारखी. पेशी फुटत असतील तर शी उलट गडद असते. लघवी दोन्हीत हळदीच्या पाण्यासारखी दिसू शकते, त्यामुळे तिच्यावरून ठरवू नका. शिवाय निरोगी नर कुत्र्याच्या घट्ट लघवीत थोडं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य, सापडतं, ते आजाराचं लक्षण नाही. मांजराच्या लघवीत सापडलं तर ते आजाराचंच.

डोळ्यांत पिवळेपणा दिसेपर्यंत रक्तातलं बिलिरुबिन दर १०० मिलीला साधारण २ मिग्रॅच्या पुढे गेलेलं असतं. म्हणजे दिसलं त्या दिवशीच आणायचं. रविवार संपायची वाट बघू नका.

१४. उसाचा रस पाजला तर कावीळ उतरते म्हणतात. गावठी औषध द्यावं का?

नको. रसाने साखर पोटात जाते, कावीळ उतरत नाही. ओकणाऱ्या कुत्र्याला रस पाजताना तो श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. नाकात थेंब घालण्याचे उपायही करू नका. ज्या काविळी आपोआप उतरणाऱ्या असतात त्या उतरतात आणि श्रेय रसाला जातं. गोचीडताप आणि लेप्टो यांना वेळेवर औषध मिळालं तर कुत्रा वाचतो, आणि रसाच्या नादात तोच वेळ जातो. एवढं एक तरी माझं ऐका.

(सकाळी उपाशीपोटी पिवळं फेसाळ ओकणं, ज्याला आपण 'पित्त झालंय' म्हणतो, त्याचाही नळ्यांशी संबंध नसतो. पोट फार वेळ रिकामं राहिलं की आतड्यातलं पित्त जठरात उलटं येतं. रात्री झोपताना थोडं खायला दिलं की बहुतेकांचं थांबतं. आठवडाभरात थांबलं नाही, किंवा कुत्रा मलूल झाला, तर आणा.)

१५. पिल्लू वाढतच नाही. नळीचा जन्मजात दोष असू शकतो का?

असू शकतो, पण तो यादीत खाली आहे. वर जंत, खाणं, आणि लिव्हरला बगल देऊन जाणारी रक्तवाहिनी, म्हणजे पोर्टोसिस्टेमिक शंट. शंट हा रक्तवाहिनीचा दोष आहे, पित्तनळीचा नाही. रिपोर्टमध्ये दोन्ही शब्द 'लिव्हर' या मथळ्याखाली येतात म्हणून गल्लत होते.

नळ्यांचे खरे जन्मजात दोष दोन प्रकारचे. बाहेरची नळी तयारच न होणं, हे फार दुर्मीळ. अशा पिल्लाला लवकरच कावीळ होते. दुसरा, प्रश्न ४ मध्ये सांगितलेलं आतलं जाळं नीट न विरणं. त्यात लिव्हरच्या आत नळ्या फुगलेल्या किंवा वेड्यावाकड्या राहतात आणि भोवती तंतू वाढतात. कमी वयाच्या कुत्र्याच्या पोटात पाणी भरलेलं सापडतं आणि तपास करता करता हे निघतं. खात्री लिव्हरचा तुकडा तपासूनच होते.

१६. पित्ताशय काढताना नळी नेमकी कुठे बांधायची?

हा प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे. पित्ताशय आणि पहिली हिपॅटिक डक्ट यांच्या मधे, सिस्टिक डक्टवर. अवघड असतं ते 'पहिली' कुठे आहे हे ओळखणं.

अकरा वर्षांची एक कॉकर स्पॅनियल होती, म्यूकोसील झालेली. पिशवी खोबणीतून सोडवत मानेपर्यंत आलो. तिथे एक पांढरा दोरा दिसला, शिवणाच्या धाग्याएवढा, सुजलेल्या ऊतीत गुरफटलेला. मदतनीसाच्या हातात चिमटा तयार होता. मला तो दोरा ऊतीचा वाटत होता, तरी मी थांबले. ओल्या गॉजने त्यावरून दोनदा हळूच फिरवलं, दिवा जवळ घेतला. दोऱ्याच्या आत फिकट हिरवट-पिवळी रेघ होती. उजव्या आतल्या खंडातून येऊन ती मानेपासून काही मिलिमीटरवर मिळत होती. आम्ही बांध तेवढाच पिशवीकडे सरकवला आणि तो दोरा जागच्या जागी ठेवला.

त्यावरून मी सांगते ते हे. मानेजवळ दिसणारी प्रत्येक पांढरी रेघ नळी आहे असं धरून चाला, ती नाही हे सिद्ध झाल्यावरच कापा. बांधण्याआधी मुख्य नळी मोकळी आहे का ते बघा, पिशवीच्या बाजूने किंवा आतडं उघडून पॅपिलाच्या बाजूने बारीक कॅथेटर घालून सलाईन सोडा. बांध मुख्य नळीला ओढून तिला कोन पडेल असा घेऊ नका. आणि वाट आधीपासून बंद असेल तर ऑपरेशनपूर्वी व्हिटॅमिन के द्या, कारण पित्त आतड्यात पोचत नसलं की ते शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो.

१७. चुकून एखादी हिपॅटिक डक्ट बांधली गेली, किंवा कापली गेली, तर?

दोन्हींचं वागणं अगदी वेगळं आहे.

बांधली गेली तर त्या खंडाचं पित्त अडतं आणि तो खंड हळूहळू सुकतो. बाकीचे खंड काम उचलतात. त्यामुळे रक्तातलं बिलिरुबिन नॉर्मल येऊ शकतं, कुत्रा खातो-पितो, आणि चूक झाली हे कुणालाच कळत नाही. अडलेल्या पित्तात जंतू गेले तर मात्र महिन्यांनंतर ताप येतो.

कापली गेली तर पित्त पोटात गळतं. दोन-तीन दिवसांत कुत्रा मलूल होतो, पोट दुखतं, पाणी भरतं. ते पाणी सुईने काढून त्यातलं बिलिरुबिन रक्तातल्याशी ताडायचं. पोटातलं रक्तापेक्षा दुप्पट किंवा अधिक असेल तर पित्तच गळतंय, पुन्हा पोट उघडावं लागतं. जंतुविरहित पित्त थोडे दिवस सोसलं जातं. जंतूंसह गळलं तर कुत्रा वाचणं अवघड असतं.

१८. पिशवी काढल्यावर कुत्रा नीट जगतो का?

जगतो. पित्त साठायची जागा गेली, तयार व्हायची नाही. ते आता थेंबथेंब सतत आतड्यात उतरतं. सुरुवातीचे काही आठवडे थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा, कमी चरबीचं खाणं द्या. शी काही दिवस सैल राहू शकते. रस्सा मात्र कायमचा बंद.

१९. शवविच्छेदनात नळी मोकळी होती की नाही, हे कसं बघायचं?

लिव्हर, जठर, आतडं आणि स्वादुपिंड एकत्रच बाहेर काढा, वेगळं करायची घाई करू नका. एकदा सुटं केलं की नळ्यांची ठेवण परत मिळत नाही. ड्युओडेनम पॅपिलाच्या समोरच्या बाजूने लांबीत उघडा आणि आतला भाग पाण्याने धुवा. पांढरट गुलाबी अस्तरावर बाजरीच्या दाण्याएवढा उंचवटा दिसेल. आता पित्ताशयावर दोन बोटं ठेवून सावकाश दाबा, डोळे उंचवट्यावर ठेवा. नळी मोकळी असेल तर त्याच्या टोकावर हिरवट सोनेरी थेंब येतो, फुगतो आणि खाली ओघळतो. आला नाही तर जोर वाढवू नका, मुख्य नळी आतड्याकडून वर उघडत जा आणि अडथळा कुठे आहे ते शोधा.

त्यानंतर प्रत्येक खंडाच्या देठापासून नळी मुख्य वाटेपर्यंत बोथट कात्रीने मोकळी करा आणि वहीत पुस्तकातली आकृती न काढता समोर आहे ती काढा: किती नळ्या, कोणत्या खंडाची कुठे मिळाली, मानेपासून किती मिमीवर.